गवताआडचा वाघ आणि संगणकाची कात्री

ताडोबाच्या सफारीत वाघ दिसणे हे भाग्य, आणि तो मोकळ्यावर दिसणे हे त्याहून मोठे भाग्य. अनेकदा तो बांबूच्या बेटात किंवा उंच गवतातच दर्शन देतो. पर्यटकाला जिप्सीतून खाली उतरता येत नाही. घरी येऊन छायाचित्र मोठ्या पडद्यावर पाहावे, तर वाघाच्या तोंडावरून एक हिरवट, धूसर पट्टा गेलेला! संगणकावर तो काढता येईल का, हा प्रश्न मग साहजिकच पडतो. अनेकदा तो काढता येतो. मात्र ही दुरुस्ती कोठवर न्यावी, हे ठरविण्यासाठी तो पट्टा मुळात कसा उमटतो, हे समजून घ्यायला हवे.

झाकले, की धूसर झाले?

४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या, एफ २.८ लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र सुमारे १४ सेंटिमीटर रुंद असते. अर्धा सेंटिमीटर रुंदीचे गवताचे पाते लेन्सच्या जवळ असेल, तर ते या छिद्राचा लहानसा भागच अडविते. वाघाकडून येणारा उरलेला प्रकाश पात्याच्या दोन्ही बाजूंनी आत शिरतो. त्यामुळे पाते एखाद्या विरळ पडद्यासारखे पसरते आणि त्यामागचे वाघाचे पट्टे, फिके का होईना, नोंदले जातात. पाते वाघाच्या अंगालगत असेल, तर मात्र ते स्पष्ट उमटते आणि त्यामागचा प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. पहिल्या प्रकारात माहिती मंदावलेली असते. दुसऱ्या प्रकारात ती मुळी नसतेच. सगळा फरक येथे आहे.

पडदा विरळ करण्याची रीत

धूसर पडद्यामुळे तीन गोष्टी घडतात. काळा रंग करडा दिसू लागतो, छाया-प्रकाशातील भेद घटतो आणि मूळ रंगात हिरवा मिसळतो. उपायही तीनच. ब्रशने तेवढाच भाग निवडावा, त्यातील काळेपणा वाढवावा, कॉन्ट्रास्ट चढवावा आणि हिरवी झाक किरमिजीकडे झुकवून कमी करावी. लाइटरूममध्ये २०१५ साली आलेले 'डिहेझ' हे साधनही येथे उपयोगी पडते. पडद्याची कड मृदू असते, म्हणून निवडीची कडही मृदू ठेवावी. अन्यथा ठिगळ लावल्यासारखे दिसते. शेजारच्या न झाकलेल्या कातडीचा रंग हीच कसोटी मानावी.

छायाचित्र 'रॉ' स्वरूपात घेतलेले असल्यास हे काम सुकर होते. जेपीईजी फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. मंदावलेला तपशील पुन्हा उठावदार करताना हा साठा कामी येतो. अर्थात त्याबरोबर चित्रातील रवाळपणाही वाढतो, म्हणून हात आखडताच ठेवलेला बरा.

येथून पुढे कल्पनेचा प्रांत

फोटोशॉपमध्ये २००२ साली 'हीलिंग ब्रश' आला, २०१० मध्ये 'कन्टेन्ट अवेअर फिल' आणि २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे 'जनरेटिव्ह फिल'. ही साधने लपलेले उघड करीत नाहीत; ती रिकामी जागा भरतात. पहिली दोन चित्रातील अन्य भागाच्या आधारे, तर तिसरे साधन नवे चित्र रचून.

पार्श्वभूमीवरील एखादी काडी काढल्याने फारसे काही बिघडत नाही, असे वाटेल. पण वाघाच्या कुशीवरचे पाते पुसले, तर तेथे पट्टे कोणी काढायचे? प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. एवढेच नव्हे, एकाच वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टेही सारखे नसतात. २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावून मिळालेल्या ७६,६५१ व्याघ्रछायाचित्रांमधून बछडे वगळता २,४६१ वाघ ओळखले गेले, ते या पट्ट्यांवरूनच. संगणकाने रचलेले पट्टे असलेला वाघ देखणा दिसेल. परंतु तो ताडोबातच काय, कोणत्याही जंगलात सापडणार नाही.

स्पर्धांची लक्ष्मणरेषा

लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत प्रकाश, कॉन्ट्रास्ट यांचे माफक समायोजन चालते. चित्रात काही घालणे वा त्यातून काढणे चालत नाही. पडताळणीसाठी मूळ फाइल मागविली जाते. २०१० मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेतील एका विजेत्याचा पुरस्कार रद्द झाला. त्याने चित्र बरेच कापले होते, गडदही केले होते. पण ते कारण ठरले नाही. पार्श्वभूमीत दिसणारा एका पावलाचा लहानसा तुकडा त्याने पुसला होता, तेवढेच पुरले.

घरच्या भिंतीवरील चित्राला हे नियम लागू नाहीत. तेथे गवत पुसायचे की राखायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र तेच चित्र स्पर्धेला, वृत्तपत्राला किंवा अभ्यासकाला देताना काय बदलले ते सांगणे हे कर्तव्य ठरते. मूळ फाइल कायम जपून ठेवावी. आणि पुढच्या सफारीत स्वयंचलित फोकसचा एकच बिंदू निवडून तो वाघाच्या डोळ्यावर धरावा. कॅमेरा गवतावर स्थिरावला आणि वाघच धूसर झाला, तर त्यावर वरीलपैकी एकही उपाय चालत नाही.