हलक्या आवाजात फाटलेला सूर

गणपतीच्या दिवसांत मंडपातला कर्णा फार मोठा केला की त्याचा आवाज 'फाटतो', हे तुम्ही ऐकलेच असेल. कर्ण्याच्या बाबतीत हा दोष खरा. पण इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला नेमका असाच फाटलेला सूर हवा असतो. छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या एखाद्या घरात, जेथे शेजाऱ्यांची आणि तुमची भिंत एकच, तेथे त्याची पंचाईत होते. विवर्धक (म्हणजे अँप्लिफायर) मोठा केल्याखेरीज सूर फाटत नाही, आणि मोठा केला की शेजारी दार ठोठावतात. शेजाऱ्यांचे चुकते असेही नाही. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबेल आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५. मग आवाज न वाढवता सूर फाडता येईल काय?

त्यासाठी तो फाटतो कसा, हे आधी पाहू. गिटारच्या तारेखाली चुंबक व त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात अगदी दुर्बल विद्युत् तरंग उमटतो. त्याचा दाब व्होल्टच्या काही दशांशांइतकाच. विवर्धक तो वाढवतो, पण त्याला मिळणाऱ्या वीजदाबापलीकडे तो जाऊ शकत नाही. तरंग त्याहून उंच होऊ लागला की त्याचा माथा छाटला जातो. आपल्या शहराभोवतीचे सपाट माथ्याचे डोंगर आठवा. गोल टेकडीचा जणू तसा डोंगर होतो.

आकार बदलला की सूर बदलतो. ११० कंपनांच्या साध्या स्वराचे माथे व तळ सारखेच छाटले, तर त्यात ३३०, ५५० असे विषम पटींचे उपस्वर मिसळतात. एक बाजू अधिक छाटली, तर २२०, ४४० हे सम पटींचेही येतात. जुन्या व्हॉल्व्हच्या विवर्धकात माथे हळूहळू दबतात, म्हणून तो फाटलेला सूरही कानाला गोड वाटतो. शिवाय तारेचे कंपन ओसरू लागले तरी छाटलेल्या माथ्याची उंची बराच वेळ तेवढीच राहते. त्यामुळे सूर लांबतो.

सूर असा भरदार करण्याची हौस आपल्याला नवी नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात, तीही त्यासाठीच. तेथे कंप पावणारी तार घोडीच्या उतरत्या पाठीला स्पर्श करीत राहते व उपस्वर उमटतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये या वाद्यांवर लिहिले आहे. दोन्हींची रीत वेगळी, पण एक गोष्ट ध्यानात घ्या. तंबोरा मोठ्याने वाजत नाही, तरी त्याचा सूर भरलेला असतो. म्हणजे भरदारपणा मोठेपणावर अवलंबून नाही. तरंगाचा आकार बदलला की झाले.

आता थोडे गणित. गिटारचा एखादा चांगला ध्वनिक्षेपक १ वॅट शक्तीवर एक मीटर अंतरावर सुमारे १०० डेसिबेल आवाज देतो. ५० वॅटवर तो ११७ होतो. म्हणून लोक लहान, १ वॅटचा विवर्धक घ्यावा म्हणतात. पण तो पूर्ण ताणला तरी १०० डेसिबेल होणारच! घरात ७० डेसिबेल पुरे धरले, तर शक्ती लागते केवळ एक सहस्रांश वॅट. तेव्हा माझ्या मते लहान विवर्धक हा खरा उपाय नव्हे. माथे आधी, दुर्बल तरंगातच छाटावेत आणि मग आवाज कमी करावा. सिलिकॉनचे दोन डायोड उलटसुलट जोडले की सुमारे ०.६ व्होल्टच्या वर तरंग जाऊच शकत नाही. फाडण्याचे काम 'गेन' या बटणाने करायचे आणि आवाज 'मास्टर व्हॉल्यूम'ने ठेवायचा. व्हॉल्व्हचा विवर्धक मात्र स्वतः उघडू नका; त्यात काही शे व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही ते धारित्रात साठून राहतात.

एवढे करूनही सूर किरटा वाटतो. याला आपला कान कारण आहे. फ्लेचर व मन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवले, की आवाज हलका झाला की खर्जाचे स्वर कानाला इतरांपेक्षा अधिक मंद वाटतात. म्हणून हलक्या आवाजात खर्ज थोडा वाढवावा. हेडफोन लावला तर उलटीच अडचण येते. गिटारचा ध्वनिक्षेपक ५००० कंपनांच्या वरचा कर्कशपणा बहुतेक गाळून टाकतो, पण हेडफोन तो तसाच ऐकवतो आणि सूर गांधीलमाशीसारखा गुणगुणतो. तेथे वरचे स्वर गाळणारा फिल्टर हवाच.

एक गोष्ट मात्र हलक्या आवाजात सहज साधत नाही. मोठ्या आवाजाने हवा हलते, त्या हवेने तार पुन्हा कंप पावते आणि सूर थांबतच नाही. घरी हे हवे असेल, तर गिटार ध्वनिक्षेपकाच्या अगदी जवळ नेऊन पाहा.