डिस्कचा प्रश्न नंतरचा, आधी ट्रॉलीला ब्रेक हवा

उसाचा हंगाम सुरू झाला की बीदरकडच्या संतपूर, औराद, भालकी या पट्ट्यात ट्रॉलीच्या डागडुजीची घाई उडते आणि त्याबरोबर एक सल्लाही फिरू लागतो: जुने ड्रम काढा, डिस्क ब्रेक टाका, मग भरलेली ट्रॉलीसुद्धा जागच्या जागी उभी राहते. हा समज पसरण्याचे कारण उघड आहे. मोटारसायकलला डिस्क आली तेव्हा फरक बोटाला जाणवला. अमेरिकेत कुटुंबासह फिरायला नेतात त्या घरासारख्या ट्रेलरांना ड्रमच्या जागी डिस्क बसवल्याचे व्हिडिओही आता मोबाइलवर सहज दिसतात. पण त्या ट्रेलरांना मुळातच चारही चाकांना ब्रेक असतात आणि ते चालकाच्या जागेवरून लागतात. चालू असलेली व्यवस्था तिथे अधिक चांगली केली जाते. आपल्याकडच्या कितीतरी ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो, किंवा ड्रम असतो पण ट्रॅक्टरवर बसून तो लावायची सोय नसते. अशा ट्रॉलीच्या मालकाने ड्रम की डिस्क यावर वाद घालण्यात काही अर्थ नाही.

तरी डिस्कबद्दलचा मूळ समज आधी तपासून घेऊ, कारण त्याच्या मुळाशी एक चूक आहे. गाडी थांबवते ती टायर आणि रस्ता यांच्यातली पकड. ब्रेकचे काम चाकाचे फिरणे रोखण्यापुरते. चाक जाम करण्याइतकी ताकद ब्रेकमध्ये असली की त्याहून अधिक ताकदीचा एका थांब्यापुरता काही उपयोग नाही, टायर घासत जाईल एवढेच. नीट जुळवलेला ड्रम चाक सहज जाम करतो. उलट ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, त्यामुळे त्याला जोर कमी लागतो. डिस्कला ही मदत नाही, तिला जास्त दाब द्यावा लागतो. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाचा 2009 सालचा नियम पाहावा. ट्रेलर ओढणाऱ्या बहुतेक ट्रकांना ताशी 60 मैल, म्हणजे सुमारे 97 किलोमीटर वेगावरून थांबायला आधी 355 फुटांची मुभा होती, ती 250 फुटांवर आणली. तेव्हाही डिस्कची सक्ती झाली नाही. मोठे, रुंद ड्रम बसवूनही ही अट पाळता येते, हे त्या नियमातच धरलेले आहे. डिस्कचा खरा फायदा वारंवार ब्रेक लागतो तिथे आहे. तापल्यावर ड्रम फुगून शूपासून दूर जातो आणि पेडल खोल जाते. डिस्क तापली तर जाड होऊन पॅडच्या जवळ येते, शिवाय उघडी असल्याने लवकर निवते. डावे-उजवे चाक सारखे धरण्यातही डिस्क उजवी. लांब उताराला हे गुण मोलाचे आहेत, पण त्यांना ‘जागच्या जागी थांबणे’ म्हणत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. आजच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना तेलात बुडालेले डिस्क ब्रेक असतात. त्यावरून ‘हेडला (म्हणजे ट्रॅक्टरला) डिस्क आहे, ट्रॉलीला ब्रेकची गरज नाही’ असे बिनदिक्कत सांगितले जाते. हे ऐकून खरोखर संताप येतो, कारण हा हिशेब शाळेतला मुलगाही करून दाखवेल. ट्रॅक्टर 2 टनांचा आणि उसाने भरलेली ट्रॉली 12 टनांची धरा, एकूण 14 टन. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतो. हुकावर येणारा ट्रॉलीचा थोडा भार मिळवून त्या दोन चाकांवर 2 टन वजन धरू. कोरड्या डांबरावर वजनाच्या साठ टक्के पकड मिळते असे मानू. म्हणजे 14 टनांचा सगळा रेटा या 2 टनांच्या पकडीने आवरायचा आहे. ताशी 30 किलोमीटरवरून सपाट रस्त्यावर थांबायला 40 मीटरांहून थोडे जास्त अंतर लागते, आणि पाय पेडलवर जाईपर्यंत गेलेले आठेक मीटर वेगळे. ट्रॉलीच्या चाकांनाही ब्रेक लागले तर हेच अंतर 7 मीटरांवर येते. प्रत्यक्षात सगळे ब्रेक इतके नेमके लागत नाहीत, म्हणून त्याच्या दुप्पट धरा. तरीही वाटेत आलेले माणूस वाचते.

हाच हिशेब उतारावर करून पाहा. बीदरचे पठार सोडून मांजरेच्या खोऱ्यात उतरताना वीस मीटरला एक मीटर उतार धरला, तर मागच्या दोन चाकांच्या पकडीतला निम्म्याहून जास्त भाग नुसता ओढ सावरण्यातच खर्च होतो. थांबायला सुमारे 100 मीटर लागतात. रस्ता ओला असेल आणि पकड निम्म्यावर आली असेल, तर तेवढ्या ब्रेकने उताराची ओढसुद्धा भागत नाही. मग इंजिनाची अडवणूक आणि चाकांची घासण यांच्यावरच सगळा भरवसा. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारा चालक त्यातली इंजिनाची अडवणूकही घालवून बसतो. वेग ताशी 30 वरून 40 झाला तर गाडीच्या गतीतली ऊर्जा पावणेदोनपटीहून जास्त होते. मागे दुसरी ट्रॉली जोडली असेल तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. या सगळ्या गणितात ट्रॅक्टरचा ब्रेक डिस्कचा आहे की ड्रमचा, हा प्रश्न कुठेच आलेला नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: ट्रॉलीला ब्रेक लावला की ती आडवी जाते. यात थोडे तथ्य आहे. ट्रॉलीची चाके पूर्ण जाम झाली तर तिचा मागचा भाग सरकू शकतो, आणि एका बाजूचा शू जास्त धरत असेल तर ती ओढ खाते. पण त्याहून घातक प्रकार ब्रेक नसलेल्या ट्रॉलीचा आहे. ट्रॅक्टर ब्रेक लावतो, मागून 12 टन ढकलतात, हुकापाशी कैची होते आणि ट्रॅक्टर वळून ट्रॉलीखाली सापडतो. यावर उपाय म्हणजे ट्रॉलीचा ब्रेक ट्रॅक्टरच्या ब्रेकबरोबर किंवा किंचित आधी लागावा आणि दोन्ही बाजूंना सारखा लागावा. दुसरा आक्षेप अनुभवाचा असतो: इतकी वर्षे बिनब्रेकची ट्रॉली ओढतोय, काही झाले नाही. ज्या दिवशी समोर कुणी आडवे आले नाही, त्या दिवसाने ब्रेकची परीक्षा घेतलेलीच नसते. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला मुभा आहे ती एकूण 750 किलोपर्यंत. आपली उसाची ट्रॉली याच्या कितीतरी पट भरते. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्येही नियम 96 ब्रेकचाच आहे.

हे सगळे समजून घेऊन ज्याला डिस्कच बसवायची आहे, त्याने जरूर बसवावी, पण अर्धवट काम करू नये. नुसती डिस्क आणि कॅलिपर वेल्डिंग करून अॅक्सलवर बसवले की झाले, असे नसते. कॅलिपरचे पिस्टन ड्रमच्या सिलिंडरपेक्षा मोठे असतात आणि त्यांना ऑइल जास्त लागते. जुना मास्टर सिलिंडर तसाच ठेवला तर पेडल तळाला जाते. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असेल तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात आणि हब तापतो. हब, बेअरिंग, रिमची आतली जागा, बोल्टचे वर्तुळ हे सगळे जुळावे लागते. सर्वांत मोठा धोका तेलाचा. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे तेल आणि ब्रेक ऑइल ही दोन वेगळी द्रव्ये आहेत. ब्रेकसाठी बनवलेले रबरी सील हायड्रॉलिक तेलात फुगतात आणि निकामी होतात, म्हणून पंपावरून थेट पाइप काढून कॅलिपरला जोडणे हा जिवाशी खेळ आहे. शिवाय आपली काळी माती. ओल्या शेतातून निघालेल्या चाकावर तिचा थर चढतो, कॅलिपरच्या पिना गंजून बसतात आणि पॅड एकाच बाजूने झिजतो. ड्रम निदान चिखल बाहेर ठेवतो. शेतात उतरणाऱ्या ट्रॉलीला नीट राखलेला ड्रम मला अधिक योग्य वाटतो. फक्त डांबरावर, लांब पल्ल्याला धावणाऱ्या ट्रॉलीचा मालक पूर्ण व्यवस्थेचा खर्च करणार असेल तर त्याने डिस्क घ्यावी.

बाकीचे समज थोडक्यात. डिस्कला देखभाल लागत नाही, हे चूक; पॅड झिजतात आणि पिनांना ग्रीस लागते. ड्रममध्ये पाणी गेले की तो बाद झाला, हेही चूक. हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक लावला की शू वाळतात. ट्रॉलीच्या पुढचा हाताचा लिव्हर म्हणजे ब्रेक, हे तर अगदीच चूक. तो उभी ट्रॉली रोखायला असतो. ट्रॅक्टरची दोन ब्रेक पेडले रस्त्यावर सुटी ठेवली तरी चालतात, हा समज जीव घेणारा आहे. शेतात वळायला ती सुटी लागतात, पण रस्त्यावर येताना मधली पट्टी लावून दोन्ही जोडलीच पाहिजेत, नाहीतर एकच चाक धरते आणि ट्रॅक्टर फिरतो.

हंगामाआधी एवढे करा. सपाट जागी ट्रॉली हुकाला जोडून ट्रॅक्टर बंद करा, तिच्या दुसऱ्या बाजूच्या चाकांना लाकडी ओंडके लावा आणि एक चाक जॅकवर उचला. एकाने ट्रॅक्टरवर बसून ब्रेक दाबावा, दुसऱ्याने ते चाक हाताने फिरवून पाहावे. मग दुसऱ्या बाजूला तेच करा. चाक फिरत राहिले तर ती ट्रॉली दुरुस्त होईपर्यंत कारखान्याच्या रस्त्याला लावू नका.