गुदगुल्या : हसू आणि सुख

सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले, की शिवाजी पेठेतील आमच्या घरी सोप्यात गप्पा रंगतात. परवा इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या नातवाने विचारले, "आबा, 'टिकल्ड पिंक' म्हणजे गुदगुल्या करून गुलाबी केलेला का?" सर्वांना हसू लोटले. या शब्दप्रयोगाचा अर्थ एवढाच, की अतिशय आनंदित झालेला. आपल्याकडेही स्तुती ऐकून मनाला गुदगुल्या होतातच.

'टिकल' म्हणजे गुदगुल्या करणे. त्यावरून आलेला 'टिकलिश' हा शब्द, ज्याला चटकन गुदगुल्या होतात अशा माणसासाठी वापरतात आणि नाजूक प्रश्नासाठीही. भावाभावांत दुकानाची वाटणी करावयाची असेल, तर तो प्रश्न 'टिकलिश'. हात जरा जड पडला, की नाते दुखावलेच.

व्यापाऱ्याच्या उपयोगाचा शब्द म्हणजे 'टिकलर फाइल'. महिन्याच्या ३१ दिवसांचे आणि वर्षाच्या १२ महिन्यांचे असे ४३ कप्पे करून, ज्या दिवशी काम करावयाचे त्या दिवसाच्या कप्प्यात कागद ठेवण्याची ही रीत. बिलाची मुदत भरली, की तो कागद आपोआप समोर येतो आणि स्मृतीला हलकेच डिवचतो.

याच शब्दाला काळी बाजूही आहे. कोणाचा तळहात 'टिकल' करणे म्हणजे त्याला लाच देणे. आपण त्यास हात ओले करणे म्हणतो. ट्राउट नावाच्या माशाच्या पोटाला पाण्यात हळूहळू कुरवाळून तो स्तब्ध झाला, की झडप घालून बाहेर काढण्याच्या पद्धतीलाही इंग्रजीत हेच नाव आहे. स्पर्श मृदू असला तरी हेतू अहिंसक असतोच असे नाही, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

१८९७ साली स्टॅन्ली हॉल आणि आर्थर ॲलिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी गुदगुल्यांचे दोन प्रकार मानून त्यांना ग्रीक भाषेवरून नावे दिली. पिसाच्या स्पर्शाने अंगावर उठणारी शिरशिरी ती 'निस्मेसिस'. काखेत वा बरगड्यांवर बोटे दाबून हसू फोडणारी ती 'गार्गलेसिस'. त्यापूर्वी, १८७२ साली, डार्विनने एक मार्मिक गोष्ट नोंदविली होती. अनोळखी माणसाने गुदगुल्या केल्या, तर लहान मूल हसण्याऐवजी भीतीने किंचाळेल. म्हणजे हसू केवळ बोटांत नसते. ते विश्वासात असते.

हे सांगत असतानाच माझे लक्ष धाकट्या नातीकडे गेले. तिचा काका तिला गुदगुल्या करीत होता. ती खदखदा हसत होती आणि मध्येच श्वास घेऊन म्हणत होती, "पुरे की काका, पुरे!" हसते आहे म्हणून कोणी तिचे 'पुरे' मनावर घेत नव्हते. मीही आजवर घेतले नव्हते. शरीर हसत असताना मन सुटकेसाठी धडपडत असू शकते, हे मला त्या सायंकाळी उमगले. मी म्हणालो, "अरे, पुरे म्हणते आहे ना ती?" काकाने हात मागे घेतला. क्षणभराने नात त्याच्याच मांडीवर जाऊन बसली.

आपल्या शास्त्रकारांनी हास्याची गणना नोकषायांत केली आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्यव्रताच्या पाच भावना सांगताना क्रोध, लोभ आणि भय यांच्याबरोबर हास्याचाही त्याग सांगितला आहे. याचा अर्थ श्रावकाने घरात तोंड पाडून बसावे असा मी घेत नाही. थट्टेच्या भरात सत्याचे आणि समोरच्या जिवाचे भान सुटते, याविषयीची ती सावधगिरी आहे, असे मला वाटते.

अहिंसेचे पाठ आपण मुलांना पाठशाळेत देतो. त्यांचा पहिला अनुभव मात्र त्यांना आपल्या हातांतून मिळतो. मूल 'पुरे' म्हणाले, की ते हसत असले तरी हात थांबलाच पाहिजे. आपल्या शब्दाला घरात किंमत आहे, हे ज्या लेकराला कळले, ते उद्या बाहेरच्या नकोशा स्पर्शालाही निर्भयपणे 'नाही' म्हणू शकेल.