तिरका ठळक फॉन्ट: बोर्डावर कुठे शोभतो, कुठे नडतो

पहिला बोर्ड करायला गेलं की फ्लेक्सवाला विचारतो, "अक्षर कसं पाहिजे?" आपलं उत्तर ठरलेलं, "जाड, थोडं तिरकं, एकदम उठून दिसलं पाहिजे." मीही हेच सांगितलं होतं. नाव तिरकं, पत्ता तिरका, मोबाईल नंबरसुद्धा तिरका! दोन महिन्यांनी एक गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, तुमचा नंबर लागतच नाही." रस्त्यापलीकडून त्याला इंग्रजी तीनचा आठ दिसत होता. तोवर किती ऑर्डरी गेल्या, त्याचा हिशेब नाही.

दोष फॉन्टचा नव्हता. न्यूयॉर्कमध्ये १९९४ साली सुरू झालेलं 'सुप्रीम' हे कपड्यांचं दुकान घ्या. लाल चौकटीत पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द, फॉन्ट फ्युचुरा हेवी ओब्लिक. मूळ फ्युचुरा जर्मनीच्या पॉल रेनर यांनी केला, १९२७ मध्ये बाजारात आला. अक्षरांच्या टोकांना नक्षी नाही, गोल कंपासने काढल्यासारखे. ओब्लिक म्हणजे तेच अक्षर उजवीकडे झुकवलेलं. अमेरिकन कलाकार बार्बरा क्रूगर यांनी लाल-पांढऱ्यात असंच अक्षर आधीच गाजवलं होतं. दोन्हीकडे शब्द मोजकेच. झुकलेलं अक्षर धावतंय असं वाटतं, म्हणून 'सेल', 'आजच या', 'फ्री होम डिलिव्हरी' यांना ते फिट बसतं. पत्त्याला कशाला धावायचंय?

आता खरी गडबड. आपल्याकडे बऱ्याचदा कोरल ड्रॉमध्ये उभं अक्षर माउसने ओढून तिरकं करतात. मग 'ठ', 'ळ' यांचे गोल एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक होतात. शिरोरेघ आडवीच राहते, काना मात्र पडायला आल्यासारखा दिसतो. चांगला डिझायनर तिरकं अक्षर वेगळं बसवतो, ही जाडी दुरुस्त करतो. शिवाय जाड अक्षराच्या आतली जागा आधीच कमी असते. 'ष्ट', 'द्ध' लहान छापलं की नुसता काळा ठिपका!

फ्लेक्सवाल्याला फॉन्टचं नाव सांगा. 'पॉपिन्स बोल्ड इटॅलिक' गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, मराठी-इंग्रजी दोन्ही त्यात आहे आणि धंद्यासाठी वापरायला परवानगी आहे. फ्युचुराचं लायसन्स विकत घ्यावं लागतं. लोगोसाठी कुठून तरी उचललेली फाईल वापरू नका. नावाला जाड पण उभं अक्षर हवं असेल तर मुंबईच्या एक टाइपचा 'बलू' बघा, तोही फुकट आहे.

छापण्याआधी बोर्डाचा एक तुकडा खऱ्या मापात साध्या कागदावर काढा, शटरला चिकटवा आणि रस्ता ओलांडून पलीकडे जा. नंबर घरातल्या कुणाला तरी वाचायला सांगा. तुम्हाला तो पाठ आहे, तुमचं वाचणं धरायचं नाही. माझ्या नव्या बोर्डावर आता 'होम डिलिव्हरी' एवढंच तिरकं आहे. नंबर उभा, सुटासुटा, पाच-पाच आकड्यांत.