दुकानाचा उंबरा आणि कायदा



आपल्यापैकी अनेकांची अमेरिकेत दुकाने, दवाखाने वा मोटेल आहेत. काहींनी गाळे भाड्याने दिले आहेत. या सर्वांना लागू असलेल्या ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ या कायद्याविषयी मी आज बोलणार आहे. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी २६ जुलै १९९० रोजी त्यावर स्वाक्षरी केली.

“आमची इमारत जुनी, म्हणून आम्हांस सूट,” असे मी वारंवार ऐकतो. हा समज चुकीचा आहे. २६ जानेवारी १९९३ नंतर प्रथम वापरात आलेली इमारत अपंगांना पूर्णपणे सुगम असलीच पाहिजे. त्याआधीच्या इमारतीतील जे अडथळे फारशा खर्चावाचून व त्रासावाचून दूर होऊ शकतात, तेही हटवावे लागतात. हे कर्तव्य एकदा पार पाडून संपत नाही; आज न परवडलेले काम उद्या परवडले, तर ते उद्या करावे लागते.

कामाचा क्रमही सांगितलेला आहे: प्रथम पार्किंग व प्रवेशद्वार, मग मालापर्यंतची वाट, त्यानंतर स्वच्छतागृह आणि शेवटी उरलेल्या सोयी. काही मापे ध्यानात ठेवावीत. रॅम्पला एक इंच चढामागे किमान १२ इंच लांबी हवी. दार उघडल्यावर ३२ इंच मोकळी जागा मिळावी. आतील वाट सामान्यतः ३६ इंच रुंद असावी. २५ गाड्यांपर्यंतच्या पार्किंगमध्ये एक राखीव जागा लागते, आणि तेथे व्हॅन उभी राहू शकली पाहिजे.

बांधलेली सोय वापरण्याजोगी ठेवणे हाही कायद्याचाच भाग आहे. एका दुकानात दार रुंद होते, रॅम्पही निर्दोष होता; परंतु वाटेत रचलेल्या खोक्यांमुळे माझ्या आईची चाकांची खुर्ची औषधांच्या खिडकीपर्यंत पोहोचू शकली नाही. रॅम्पवर साचलेले बर्फ किंवा महिनोन्महिने बंद असलेली लिफ्ट यांचा परिणाम तोच.

जबाबदारी मालक व भाडेकरू या दोघांचीही असते. भाडेकरारात ती आपसांत वाटून घेता येते. पण अडवल्या गेलेल्या ग्राहकाला करार दाखवून सुटका होत नाही. तो न्यायालयात गेल्यास दुरुस्तीचा हुकूम आणि त्याच्या वकिलाचा खर्च अंगावर येऊ शकतो. काही राज्यांत नुकसानभरपाईही द्यावी लागते.

खर्चाला सरकारचा हातभार आहे. वार्षिक उलाढाल दहा लाख डॉलरांपर्यंत किंवा पूर्णवेळ नोकर ३० पर्यंत असलेल्या व्यवसायाला अशा खर्चावर वर्षाला ५,००० डॉलरांपर्यंत करसवलत मिळू शकते. आपल्या हिशेबनिसाला अवश्य विचारावे.

आता एक नाजूक गोष्ट. धार्मिक संस्थांना या तरतुदींतून सूट आहे. म्हणजे आपल्या सिनेगॉगवर ही सक्ती नाही. परंतु गुडघे दुखतात म्हणून शब्बाथला घरीच राहणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना त्या सवलतीचा काय उपयोग? दुकानाचा उंबरा मोजाल, तेव्हा येथील पायऱ्याही मोजाव्यात आणि येत्या सभेत हा विषय घ्यावा, ही माझी नम्र विनंती.