वर्गबंधूंची नोंदवही

महाविद्यालय सोडताना वर्गबंधू एकमेकांना जी वचने देतात, त्यांतील बहुतेक दोन-तीन वर्षांतच विरून जातात. कोणी नोकरीनिमित्त दूर जातो, कोणी संसारात गुरफटतो, कोणाचा पत्ता बदलतो आणि तो कळविण्याचे राहून जाते. पुढे साठीच्या घरात एखाद्या संध्याकाळी जुन्या मित्राची आठवण होते, आणि तो हयात आहे की नाही हेदेखील आपणांस ठाऊक नाही असे ध्यानात येऊन मन चरकते. अशा वेळी प्रेम बहुधा शाबूत असते. एकमेकांची खबर पोचविण्याची व्यवस्था मात्र कोणी केलेली नसते.

अमेरिकेतील जुन्या महाविद्यालयांनी ही व्यवस्था फार पूर्वीपासून करून ठेविली आहे. तेथे एका साली पदवी घेणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांचा मिळून एक वर्ग होतो, आणि त्या सालाच्या नावाने तो जन्मभर ओळखला जातो. वर्ग आपल्यातूनच एक चिटणीस निवडतो. प्रत्येकाचा पत्ता, व्यवसाय, विवाह, मुलेबाळे आणि अखेरीस मृत्यू यांची नोंद ठेवावयाची, ते वृत्त छापून सर्वांकडे धाडावयाचे आणि संमेलनाची निमंत्रणे पाठवावयाची, हे त्याचे काम. हार्वर्ड विद्यापीठात दर पाच वर्षांनी असा वर्गवृत्तांत निघतो. वेष्टनाच्या रंगावरून त्याला 'लाल पुस्तक' असेच नाव पडले आहे.

ह्या प्रथेचे मर्म समजण्यास हार्वर्डच्या १८२९ सालच्या वर्गाची हकीकत फार उपयोगी पडते. त्या वर्गातून नामवंत माणसे पुष्कळ निघाली. ऑलिव्हर वेंडेल होम्स हे शरीरशास्त्राचे प्राध्यापक व लोकप्रिय लेखक. सूतिकाज्वर डॉक्टरांच्या हातून एका बाळंतिणीकडून दुसरीकडे पसरतो, हे त्यांनी १८४३ साली प्रतिपादन केले होते. बेंजामिन पीअर्स हे थोर गणिती. सॅम्युअल फ्रॅन्सिस स्मिथ यांनी १८३१ साली लिहिलेले 'अमेरिका' हे देशगीत आजही गायिले जाते. जेम्स फ्रीमन क्लार्क यांनी जगातील दहा थोर धर्मांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात हिंदू व बौद्ध धर्मांचाही परामर्श घेतला आहे. बेंजामिन कर्टिस सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. वर्गाचे चिटणीस होते सॅम्युअल मे नावाचे एक धर्मोपदेशक.

हा वर्ग बोस्टन शहरी दर वर्षी एकत्र जेवावयास बसे. १८५१ पासून ह्या भोजनासाठी होम्स कविता लिहू लागले, आणि हा परिपाठ १८८९ पर्यंत चालला. त्यांपैकी १८५९ सालची 'मुले' ही कविता विशेष गाजली. पन्नाशीला टेकलेल्या सभ्य गृहस्थांना तीत 'मुले' म्हणून संबोधिले आहे. आणि डॉक्टर, न्यायाधीश ह्या पदव्या म्हणजे पोरांनी एकमेकांस थट्टेने ठेविलेली टोपणनावे होत, असा विनोद केला आहे. विनोदाच्या पोटी सत्य दडलेले आहे. जगाच्या दृष्टीने माणूस म्हणजे त्याचा हुद्दा. हुद्दा मिळण्यापूर्वी त्याला ओळखणारे जे थोडे असतात, त्यांच्यापुढे तो उतरवून ठेवता येतो. वार्धक्यात हुद्दा आपोआपच गळून पडतो. तेव्हा अशा मंडळींची किंमत अधिकच कळते.

ह्या मैत्रीला मतभेदांची झळ लागली नाही असे मात्र नाही. पळून आलेल्या गुलामांना पकडून मालकाच्या स्वाधीन करण्याचा कायदा १८५० साली झाला. कर्टिस यांनी त्याची जाहीरपणे पाठराखण केली, तर मे हे गुलामगिरीविरोधी चळवळीचे पूर्ण वेळ कार्यकर्ते होते. पुढे १८५७ साली, काळ्या वंशाच्या माणसास देशाचे नागरिकत्व मिळू शकत नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला, तेव्हा त्याविरुद्ध भिन्नमतपत्रिका लिहिणारे न्यायमूर्ती कर्टिसच होते. त्याच साली त्यांनी न्यायासन सोडले. नंतर यादवी युद्ध पेटले. होम्स यांचा मुलगा त्यात तीनदा जखमी झाला. त्या वर्षांतही वर्गाच्या कविता लिहिल्या गेल्या. प्रत्येकाचे मत एक झाल्यावर भेटू, असे म्हणून हा वर्ग थांबला असता, तर तो कधीच भेटला नसता.

मग काळ आपले काम करू लागला. १८७४ साली कर्टिस गेले, १८८० साली पीअर्स, १८८८ साली क्लार्क. जानेवारीतील पंगत वर्षानुवर्षे आखूड होत गेली. १८८९ साली, पदवीस साठ वर्षे होत आली असता, होम्स यांनी निरोपाची कविता वाचली. पुढील वर्षी पार्कर हॉटेलात तिघेच जमले : होम्स, स्मिथ आणि मे. कविता नव्हती, फारसे बोलणेही झाले नाही, डोळे मात्र ओलावले होते. त्यानंतर हॉटेल सुटले आणि बैठका होम्स यांच्या घरी होऊ लागल्या. एकदा तेथे चौघे जमले. त्या वेळी वर्गातले हयात असे एकंदर पाचच जण उरले होते.

ह्या शेवटच्या बैठकांत ह्या वर्गाचे शहाणपण विशेष दिसते. माणसे कमी झाली म्हणून त्यांनी भेटणे बंद केले नाही. भेटीचे रूप तेवढे बदलले. दूरवर जाणे झेपेना, तेव्हा घर चालले. कविता उरली नाही, तेव्हा गप्पा पुरल्या. वार्धक्यातील संमेलनाचा बेत असाच आखावा लागतो. रौप्यमहोत्सवाला मंडप शोभतो. पण ऐंशीच्या घरातील माणसाला जिना नसलेली खोली, दिवसाउजेडीची वेळ आणि घरी पोचविणारा सोबती ह्यांची अधिक गरज असते.

आपल्याकडे वर्गबंधूंना संमेलनाची आठवण बहुधा पंचवीस वा पन्नास वर्षे भरली म्हणजे होते. तोवर निम्मे पत्ते हरवलेले असतात. आज खिशातल्या फोनवरून निरोप क्षणात जातो, तरी तो कोणाला धाडावयाचा हे कोणाच्या तरी वहीत असावे लागते. कोण आजारी आहे, कोणाची पत्नी गेली, कोण एकटा पडला, हे विचारणारा एक माणूस वर्गात असला म्हणजे वर्ग टिकतो.

होम्स १८९४ साली वारले, स्मिथ १८९५ साली. चिटणीस मे १८९९ पर्यंत होते. पार्कर हॉटेलातील त्या तिघांच्या संध्याकाळची आज जी माहिती आहे, ती कोणा नामवंताच्या लेखणीतून आलेली नाही. चिटणिसाने ती लिहून ठेविली म्हणून ती राहिली.