घर चुकलेलं प्रथिन

जालन्याहून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला निघालेल्या पेशंटच्या पिशवीत कागदांची फाईल असते, भाकरीचा डबा असतो आणि रुमालात गुंडाळलेली एक छोटी डबीही असते. डबीत काचेच्या दोन-तीन पट्ट्या आणि काडेपेटीहून लहान असा मेणाचा ठोकळा. गालाच्या आत बरी न होणारी जखम होती, तिचा तुकडा काढून या मेणात बसवलेला आहे. ‘टाटाला जाताय ना, मग स्लाइड आणि ब्लॉक सोबत न्या,’ असं इथल्या डॉक्टरांनी बजावलेलं असतं. तोंडाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी अशा डब्या मराठवाड्यातून जातच राहतात, याचं फार वाईट वाटतं.

त्या ठोकळ्यात काय असतं? तुकडा काढल्याबरोबर तो फॉर्मलिनमध्ये टाकतात. फॉर्मलिन पेशीतली प्रथिनं एकमेकांशी जखडून टाकतं, म्हणजे जे प्रथिन त्या क्षणी जिथे होतं तिथेच ते अडकून राहतं. मग मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाइतका पातळ काप घेऊन त्यावर हवं ते प्रथिन हुडकणारी अँटिबॉडी सोडतात. प्रथिन सापडलं की तिथे तपकिरी रंग उमटतो. पेशींची केंद्रकं निळी दिसतात. तपकिरी रंग किती गडद आहे हे पाहायचं असतंच. पण तो कडेला आहे, मधल्या पेशीद्रवात आहे की निळ्यावर चढलाय, यावरून कधी कधी निदानच बदलतं.

अनेक प्रथिनांच्या साखळीतच त्यांचा पत्ता लिहिलेला असतो. हे दाखवणाऱ्या गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं. पत्ता बदलला की कामही बदलतं. बीटा-कॅटेनिन पेशीच्या कडेला असतं तेव्हा त्या पेशीला शेजारच्या पेशींशी बांधून ठेवायला मदत करतं. तेच प्रथिन साचून केंद्रकात शिरलं की वाढीची जनुकं सुरू करतं. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत नेमकं हेच बिघडलेलं असतं.

प्रथिनाचा पत्ता चुकला की काय होतं, याच प्रश्नावर आपल्याकडे नवी मुंबईत खारघरला, टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत, सोराब दलाल यांच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षं काम झालं आहे. सीडीसी-२५-सी हे प्रथिन पेशीला ‘आता दोन हो’ असा इशारा देतं. डीएनएला इजा झाली असेल तर हा इशारा थांबायला हवा. पेशी त्यासाठी त्या प्रथिनाच्या २१६व्या जागेवर फॉस्फेटची खूण करते. ती खूण दिसली की १४-३-३ नावाचं दुसरं प्रथिन येऊन त्याला धरतं आणि केंद्रकाबाहेर थोपवतं. (हे नाव आहे प्रयोगशाळेतल्या नोंदीचं: गाईच्या मेंदूतली प्रथिनं वेगळी करताना ते ज्या क्रमांकावर सापडलं, तोच क्रमांक.) दलाल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत असताना १९९९ मध्ये दाखवलं, की ही पकड सुटली तर सीडीसी-२५-सी केंद्रकात जाऊन बसतं. पुढे २००८ मध्ये अ‍ॅक्ट्रेकमधून निष्कर्ष आला, की १४-३-३ चा गॅमा प्रकार काढून घेतला तर डीएनए दुरुस्त व्हायच्या आतच पेशी विभागायला लागतात. चुकीची प्रत, तीही घाईने काढलेली. कर्करोगाची वाट अशीच मोकळी होऊ शकते. इथे सीडीसी-२५-सीमध्ये काहीच खोट नव्हती, ही गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. बिघडली होती ती त्याला अडवणारी पकड.

उलटंही घडतं. इटलीत पेरुजियाचे ब्रुनान्जेलो फालिनी रक्ताच्या कर्करोगाचे काप पाहत होते. न्यूक्लिओफॉस्मिन हे प्रथिन केंद्रकात दिसायला हवं, ते कित्येक पेशंटमध्ये बाहेर पेशीद्रवात पसरलेलं दिसलं. २००५ मध्ये कारण कळलं: जनुकात चार अक्षरं घुसली होती, त्यामुळे आत राहण्याचा पत्ता पुसला गेला आणि बाहेर पडण्याचा नवा लिहिला गेला. मोठ्या माणसांच्या तीव्र मायलॉइड ल्युकेमियात साधारण तीनातल्या एकाला हाच बदल असतो. शोध सुरू झाला तो त्या तपकिरी रंगाच्या जागेवरून.

मग प्रथिनाला पुन्हा घरी थांबवता येईल का? सेलिनेक्सॉर हे औषध प्रथिनांना केंद्रकाबाहेर नेणारा वाहकच अडवतं, त्यामुळे पी-५३ सारखी राखणदार प्रथिनं आतच राहतात. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी त्याला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. पण तो वाहक निरोगी पेशींतही असतो, म्हणून मळमळ होते, प्लेटलेट्स घसरतात.

दहा वर्षांनी एखाद्या नव्या प्रथिनाचा पत्ता शोधायचा झाला, तरी त्याच ठोकळ्यातून नवा काप घेता येतो. म्हणून उपचार संपले तरी ब्लॉक टाकून देऊ नका. आणि घरी ठेवणार असाल तर मे महिन्यात जालन्याच्या पत्र्याखाली ठेवू नका, मेण मऊ पडतं. सावलीतल्या, थंड कपाटात ठेवा, डबीवर नाव आणि तारीख घालून.